वैयक्तिक कारणास्तव

पोद्लॉग, सोमवार, २७ मार्च

चि. ब्रिना हिस,
रेझ्का आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तू ठीक असशील असं धरून चालते, कारण दुसरं काही तू ठेवलेलंच नाहीस. फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, त्या निळ्या खुणा मला दिसतात. मी म्हातारी झाले असेन, आंधळी नाही. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, "तिला थोडा वेळ दे, रेझ्का." आठ दिवस झाले, अजून किती वेळ द्यायचा? म्हणून शेवटी हे पत्र. पोस्टात तिकीट मागितलं तर काउंटरवरची मुलगी अशी बघत राहिली, जणू मी घोडागाडीचं भाडं विचारतेय.

आधी सिरिलची खबर. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलंय, स्क्रू घातलेत, जूनपर्यंत उभं राहायचं नाव नाही. पण हॉस्पिटलच्या जेवणाला शिव्या घालतो, म्हणजे सुधारतोय. काल मी कुट्टूची उकड आणि आंबट दूध डब्यातून नेलं. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "रेझ्का, मीठ कुठे गेलं? ते पण बर्फाखाली सापडलं का?" नर्ससुद्धा हसली. एक गोष्ट मात्र आहे. तो तेच तेच विचारतो. आज वार कोणता, हे तासाभरात तीनदा. चौतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, दऱ्याखोऱ्यातल्या प्रत्येक घराचा नंबर तोंडपाठ, आणि परवा स्वतःच्या नातीला त्याने बायकोच्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणतात, थांबा, बघू. सगळे थांबाच म्हणतात.

गावात निघायची सोय राहिलेली नाही. दुकानात गेलं की कुजबुज थांबते. ज्यांनी जन्मात स्कीच्या तळाला कातडी लावून शंभर पावलं चढलेली नाहीत, ते मला उताराचे कोन शिकवतायत! वर्तमानपत्रवाल्याने फोन करून विचारलं, "हिमस्खलनाचा इशारा तीन नंबरचा असताना तुम्ही कशा गेलात?" म्हटलं, बाबा रे, हिवाळ्यातले निम्मे दिवस तीनच नंबर असतो, मग काय चार महिने गोधडीत बसायचं? त्याने तेवढंच छापलं. गोधडीसकट.

आपल्या गिर्यारोहण मंडळाचा अपघाताचा अहवाल गेल्या गुरुवारी गेला. विंकोने लिहिला, मी सही केली. चिटणीस म्हणून त्याचा हात कागदावर चांगला चालतो, भट्टीतल्या पावांपेक्षा बरा. तुझं नाव एकाच ओळीत आहे: "गटातील चौथी सदस्य शेवटच्या झाडापासून वैयक्तिक कारणास्तव परतली." बस. तुला कोणी काही विचारायला यायचं नाही. मला वाटतं, तुझ्या दृष्टीने हेच बरं झालं.

माथा गाठला की सही करायची ती वही अजून कोझ्याकवर पेटीतच आहे, तो उतार बंद केलाय. म्हणजे यंदाच्या हिवाळ्यात माझ्या एकोणचाळीस सह्या आणि योझित्साच्या एकोणचाळीस. तिने गावभर सांगितलं, यंदा सर्वांत जास्त सह्यांची लाकडी थाळी कोणालाच देऊ नका. बघ किती मोठं मन! अपघाताच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, सही ठोकून आली, मग मन मोठं करायला काय जातंय?

शुक्रवारी डोंगर बचाव पथकाच्या नव्या भरतीची यादी लागेल. त्यात तुझं नाव असणार यात मला तिळमात्र शंका नाही. तीन वर्षं राबलीस, नोकरी सांभाळून दर शनिवार-रविवार ल्युब्ल्यानाहून इथे आलीस. यादी लागली की तरी फोन कर. मी अक्रोडाचा गोड रोल करून ठेवते, ईस्टरच्या आधीच.

तुझी,
रेझ्का आत्या


पोद्लॉग, सोमवार, ३ एप्रिल

ब्रिना बाळ,
आशीर्वाद. आज खुशाली राहू दे.

तुझ्या आईने सांगितलं. यादीत तुझं नाव नाही, आणि कारण काय तर "साथीदारांना डोंगरात सोडून गेली." वाचून माझं डोकं असं फिरलं की चुलीवरचं दूध तसंच टाकून गाडी काढली आणि पथकाच्या प्रमुखाच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुमच्या अकलेला काही झालंय का? त्या पोरीइतकी चोख पोरगी तुम्हाला या खोऱ्यात दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही!

तो माणूस शांतपणे उठला, कपाटातून आपला अहवाल काढला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"वैयक्तिक कारण म्हणजे काय, रेझ्काताई? पोट दुखलं? कोणाचा फोन आला? चौघं वर गेले, एक खाली उतरली, अर्ध्या तासात एक गाडला गेला. असा माणूस आम्ही दोरीच्या दुसऱ्या टोकाला कसा घ्यायचा?"

"ती पळून गेली नव्हती."

"मग तसं लिहायचं होतं. खाली सही कोणाची आहे?"

माझी होती, बाई. माझ्याच सहीकडे बघत मी उभी राहिले.

तिथून थेट विंकोच्या बेकरीत. म्हटलं, अहवाल दुरुस्त कर. त्याने पीठ मळत मळतच मान हलवली.

"दुरुस्ती केली म्हणजे आधी खोटं लिहिलं असं होतं."

"लिहिलंच आहे खोटं!"

"हळू बोल, गिऱ्हाइकं आहेत. हे बघ, पोरगी चोवीस वर्षांची आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेल. तुझं काय? तुझा वाटाड्याचा परवाना गेला की मंडळाची हिवाळी शाखा बंद. आणि सिरिलच्या बायकोला काय सांगणार आहेस? आपलं गाव केवढंसं आहे, रेझ्का."

"तुला काय, तू आपला पाव विक!" म्हणाले आणि दार आपटून निघाले. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की तो मला जे सांगत होता, तेच मी दोन आठवडे स्वतःला सांगत होते. फरक एवढाच की त्याचे हात पिठाने भरलेले होते. अडलंच तर पुढच्या वर्षी तू पुन्हा अर्ज करशील, हेसुद्धा मी मनात धरून ठेवलं होतं. गेल्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या दृष्टीने हे बरं झालं. ते पत्र फाडून टाक.

आता त्या एका ओळीत मी काय काय कोंबलं ते लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

शेवटच्या झाडापाशी थांबायचं, प्रत्येकाने "हो" की "नाही" सांगायचं, आणि एक जरी "नाही" आलं तरी सगळ्यांनी मागे फिरायचं, हा नियम मंडळात कोणी आणला? मी. सर्वांत धाकट्याने सर्वांत आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या तोंडाकडे बघून कोणी मान डोलावणार नाही, हे कोणी घातलं त्यात? मीच. अकरा वर्षं मी त्या झाडाखाली सगळ्यात शेवटी बोलत आले. आणि त्या रविवारी, सेंट जोसेफच्या दिवशी, कोणी स्कीचे पट्टे सैल करायच्या आत मी म्हणाले, "चला, मी तर जाणार. संध्याकाळी वही खाली येतेय, आज सही झाली नाही तर गेली."

तू तेव्हा बाजूला फावड्याने खड्डा खणत होतीस. बर्फाचा ठोकळा कापलास आणि वर हाताने थापट्या मारल्यास. तिसऱ्याच थापटीला वरचा थर पाटासारखा घसरून तुझ्या गुडघ्यावर आला. तू म्हणालीस, "आत्या, दोन दिवस वाऱ्याने आणून लिंपलाय हा थर, खाली चिकटलेला नाही. माझं उत्तर 'नाही'."

मी काय म्हणाले ते तू विसरली नसशील. "खड्डे खणायची एवढी हौस असेल तर नगरपालिकेत लाग!" विंको हसला. सिरिल हसला नाही. त्याने तुझ्या ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रेझ्का जाते तर मी पण जातो." मी आधी बोलले नसते तर सिरिल काय म्हणाला असता, हे मला पक्कं माहीत आहे.

तू पुन्हा म्हणालीस, "एक नाही आलं की सगळे मागे, हा तुझाच नियम आहे." चारचौघांत तू मला नियम दाखवलास, आणि माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणाले, "नाही म्हणणारी खाली गेली की उरले ते सगळे हो म्हणणारेच. जा, गुराख्यांच्या झोपडीत चहा करून ठेव."

हे झालं तुझं वैयक्तिक कारण. मी तुला हाकललं, ब्रिना. एका सहीसाठी. योझित्साच्या एकोणचाळीसवर माझ्या चाळीस व्हाव्यात म्हणून, आणि एका लाकडी थाळीसाठी, तशा माझ्याकडे आधीच सहा आहेत आणि त्यांच्यात मी कांदे ठेवते.

आणि तू गेलीसुद्धा नव्हतीस! उताराच्या कडेला, सुरक्षित जागी, वळणावर उभी राहून आमच्यावर नजर ठेवून होतीस. खाली गेली असतीस तर आज सिरिल मातीत असता. याचा अहवालात एक शब्द नाही.

बुधवारी मंडळाची बैठक आहे. तिथे हे सगळं सांगणार आहे. विंकोला काय करायचं ते करू दे.

तुझी,
आत्या

ता. क. तू कोणालाच काही का सांगितलं नाहीस? पथकाच्या प्रमुखाने तुला विचारलं होतं, हे तो म्हणाला. "अहवालात आहे ते आहे," एवढंच बोललीस म्हणे. माझ्यासाठी गप्प राहिलीस ना? मला याचा राग येतो. तुझा नाही. म्हणजे तुझासुद्धा, थोडासा.


पोद्लॉग, ईस्टरचा सोमवार, १० एप्रिल

ब्रिना,

बैठक झाली. मी उभी राहिले आणि सांगितलं: मी आधी बोलले, तिला मी पाठवलं, ती गेली नव्हती. मग अध्यक्ष म्हणाले, "रेझ्काताई, तुमच्या मनावर ताण आहे, आम्ही समजू शकतो." दुसरा एकजण म्हणाला, अपघात कोणाच्या हातात असतात का? आणि एकमताने ठरलं की अहवाल आहे तसाच ठेवायचा. एकमताने, म्हणजे मला न मोजता! मी ओरडले, टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास फुटला. ते ताण म्हणूनच लिहिलं गेलं असेल इतिवृत्तात.

बाहेर विंकोने गाठलं. "झालं ना समाधान? सांगून टाकलंस, आता सोड." आणि मग आवाज खाली करून म्हणाला, "मी त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणाला बोललेलो नाही. बोलणार पण नाही."

त्याला वाटलं, तो मला धीर देतोय.

ती दुसरी गोष्ट मी मागच्या पत्रातही लिहिली नाही. लिहायला बसले होते, पान भरलं होतं, चुलीत घातलं. आज लिहिते.

घळ एकेकाने ओलांडायची म्हणून मी आधी गेले, मग विंको. दोघं पलीकडे पोचलो. सिरिल मधोमध असताना खालून तो आवाज आला, जमिनीने आवंढा गिळल्यासारखा, आणि वरचा सगळा उतार एका रेषेत तुटला. सिरिल एकदाच ओरडला. काय ते कळलं नाही. मग पांढरा धुरळा, मग काही नाही.

आता छातीवरचा सुतारपक्षी, म्हणजे गाडलेला माणूस शोधायचं ते टकटकणारं यंत्र. बारा वर्षं मी नवख्यांकडून घोकून घेते: कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी श्वास घ्यायच्या आधी आपापलं यंत्र टकटक पाठवण्यावरून ऐकण्यावर आणायचं. नाहीतर तुमचीच टकटक शोधणाऱ्याला चकवते, आणि बर्फाखालचा माणूस बर्फाखालीच राहतो. विंकोने यंत्र फिरवलं. मी नाही फिरवलं. मी हातांनी, फावड्याने, मिळेल त्याने बर्फ उकरत होते, वेड्यासारखी, जिथे त्याची टोपी दिसली तिथे, आणि "सिरिल, सिरिल" करत होते. विंको यंत्रावरचा बाण बघत यायचा आणि माझ्यापाशी येऊन थांबायचा. परत वर जायचा, परत माझ्यापाशी. तो मला शोधत होता. जिवंत, उघड्यावर बसलेल्या मला.

तू एकशे बाराला फोन करून चढत आलीस तोवर सहा मिनिटं गेली होती. तुझ्या फोनवरची वेळ आणि सिरिल सापडल्याची वेळ मी पथकाकडून मागून घेतली. तू आल्यावर एका नजरेत ओळखलंस आणि ओरडलीस, "आत्या, तुझं चालू आहे!" पुढचं तू जसं शिकलीस तसं केलंस. चार मिनिटांत जागा धरलीस, सळईला दुसऱ्या टोचणीत तो लागला, मग खणणं. एकूण सतरा मिनिटं. त्यातली पहिली सहा माझी आहेत. कदाचित त्याच सहांत त्याच्या नातीचं नाव गेलं. डॉक्टर म्हणतात तसं सांगता येत नाही. मला सांगता येतं.

शनिवारी हॉस्पिटलात जाऊन हे सिरिलला सांगितलं. बायकोला बाहेर बसवलं आणि सगळं सांगितलं, एक मिनिट न वगळता. तो छताकडे बघत ऐकत होता.

"हे मला आधी सांगितलं होतंस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की? मी विसरतो हल्ली."

"नाही सांगितलं, सिरिल. आज पहिल्यांदा."

"मी उद्यापर्यंत विसरेन बहुतेक," तो म्हणाला. "म्हणजे तुला उद्या येऊन परत सांगावं लागेल. परवा पण." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ये रोज. मला राग नीट येईपर्यंत ये."

काल ईस्टर होता, तरी गेले. परत सांगितलं. काल तो रडला. आज जायचंय.

मंडळाचा नाद सोडलाय. काल दुपारी मी स्वतः सहा पानं लिहिली आणि पथकाच्या प्रमुखाच्या हातात नेऊन दिली, माझ्या नावाने, माझ्या सहीने. झाडापाशी मी आधी बोलले. तू खड्डा खणून नाही म्हणालीस. मी तुला हाकललं. तू थांबलीस. माझं यंत्र चालू राहिलं. माझा परवाना सोबत जोडला, त्यांना शोधत यायला नको. त्याने सगळं उभ्या उभ्या वाचलं. म्हणाला, हे खरं असेल तर तिच्या अर्जाचा पुन्हा विचार करावा लागेल, पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. पुढच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी दहाला तुला बोलावतील.

तिथे तू "आत्या म्हणते ते बरोबर" एवढं बोलून उठशील. मला माहीत आहे. म्हणून हे शेवटचं लिहितेय. ते त्या सहा पानांत नाही. तिथे पोचले आणि खाली सही करून पानं मिटली.

तू ओरडलीस तेव्हा मी ऐकलं नाही. म्हणून तू गुडघ्यावर बसून माझ्या जाकिटात हात घातलास, यंत्र फिरवायला. आणि मी तुझ्या तोंडात मारली. नुसती हातानेच नाही, हातात फावड्याचा दांडा होता. तू मागे पडलीस. ओठ फाटला, बर्फावर रक्त आलं. मी तुला "चालती हो, अवदसे" म्हणाले, त्याला तू गाडलंस असं म्हणाले. तू उठलीस, तोंड पुसलं नाहीस, माझी दोन्ही मनगटं गुडघ्याखाली दाबून धरलीस आणि यंत्र फिरवलंस. मग काहीही न बोलता माझ्याकडे पाठ करून शोधायला लागलीस. तुझ्या आईला तू सांगितलंस की स्कीचं टोक लागलं. चोवीस वर्षांत मी तुला चापटसुद्धा मारली नव्हती, आणि मारली ती तेव्हा, जेव्हा आमच्या तिघांत शुद्धीवर असलेलं माणूस तू एकटीच होतीस.

बुधवारी त्यांना हे सांग. मार खाऊनही तुझा हात थांबला नाही, हे त्यांना कळायलाच हवं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कसा माणूस येतोय ते त्यांना याच्याहून चांगलं कशातून कळेल? माझं काय होईल, गाव काय म्हणेल, आईला कसं वाटेल, यातलं काहीही मनात आणू नकोस. माफी मी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेऊन बसलेय.

फोन करू नकोस. बुधवारी दहाला वेळेवर जा, आणि मला वाचवू नकोस.

रेझ्का